सशाचं रवंथ

“रवंथ करून राहिलंय, भुऱ्या! काई झालं न्हाई त्याला,” नामाजीनं सशाच्या पिल्लाच्या तोंडाला कान लावला आणि उंबऱ्यात बसलेल्या कुत्र्याला सांगितलं.

आत बारीक करकर ऐकू येत होती. रवंथ करणारं जनावर ठणठणीत असतं, हे नामाजीला कुणी सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं शेरडं-मेंढरं राखली होती त्यानं. तरी सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोवळा लसूणघास टोपलीत तसाच पडला होता, आणि खालच्या फडक्यावर एक लेंडी नव्हती.

पिल्लू नातीचं, दिपालीचं. आईबाप पुण्याला कंपनीत, म्हणून ती आजा-आजीजवळ राहून नववी शिकत होती. दिवाळीनंतर आजी गेली आणि पोरीनं तोंडच मिटून घेतलं. मग पंधरा दिवसांखाली वसमतच्या बाजारातून हे मूठभर पांढरं पिल्लू घेऊन आली. नाव ठेवलं बत्ताशा. आज्याशी बोलायची नाही ते सगळं त्याच्याशी बोलायची. नामाजी ओसरीवरून चोरून ऐकायचा, आणि मनातल्या मनात त्या सशाचे उपकार मानायचा.

चार दिवसांखाली ती शाळेच्या शिबिराला हिंगोलीला गेली. जाताना दहादा बजावून गेली होती.

“आबा, वाळलं गवत आन् पाणी. दूध अजिबात न्हाई.”

“आगं, बिनआईची किती करडं जगवली म्या. मला शिकवतीस व्हय?”

“ते करडू न्हाई, आबा.”

“चार पायाचं हाय ना? झालं तर मग.”

बस नजरेआड झाली आणि या शहाण्यानं शेळी पिळली. बाटलीला निप्पल लावून दोन दिवस पिल्लाला दूध पाजलं, वर दवाचा ओला लसूणघास. पिल्लू खाऊन टुणटुण उड्या मारत होतं, तेव्हा काय ऐट होती गड्याची! काल मात्र ते कोपऱ्यात जाऊन बसलं. आज पोट दगडासारखं घट्ट. आणि दिपाली पाचच्या बसनं येणार होती.

मेंढरू दुखलं तर ओरडतं. करडू सगळा वाडा डोक्यावर घेतं. आवाजावरून कुणाला काय झालंय ते नामाजी झोपेतसुद्धा सांगायचा. पण हे मुकंच. नुसतं अंग चोरून बसायचं, डोळे उघडे.

“वरड की रे,” तो काकुळतीला आला. “एकदा वरड. मला कळू तरी दे.”

दुपारी त्यानं गोडं तेल काढलं. फुगलेल्या शेळीला तेल पाजायचं, हे त्याच्या हातांना पाठ. पण बत्ताशाचं ते एवढंसं तोंड पाहिलं आणि वाटी पुढं नेववेना. आजवर किती जनावरं त्याच्या मांडीवर मेली होती. हळहळला होता, पण भ्याला कधी नव्हता. आज भ्याला. तेल तसंच ठेवलं, टोपली उपरण्यात बांधली आणि कुरुंद्याच्या दवाखान्याची वाट धरली.

शेतोशेती हळद शिजत होती. वाफेचा वास सगळ्या वाटेवर भरला होता. कढईपाशी उभ्या असलेल्या कुणीतरी हाक मारली, “मामा, टोपलीत काय?” त्यानं ऐकलं नाही असं केलं. उपरणं उचलून बघायची तर हिंमतच होईना. पिल्लू वाटेत मेलं असलं, तर ते जितकं उशिरा कळेल तितकं बरं, असं वाटत होतं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, लसीकरणाला दुसऱ्या गावी गेले होते. मलमपट्टी करणारा शिवप्रसाद ड्रेसर तेवढा होता. त्यानं डॉक्टरांना फोन लावला, पिल्लाचं पोट चाचपलं, ते काय म्हणतात ते मान हलवत ऐकलं.

“मामा, दूध पाजलं का?”

“पाजलं,” नामाजी खाली बघून म्हणाला. “पण रवंथ करून राहिलंय बराबर. कान लाव, ऐक.”

शिवप्रसादनं कान लावला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“आवो मामा, सशाला कुठलं रवंथ? दात खाऊन राहिलंय ते. लई दुखतंय त्याला.”

सकाळपासून तो आवाज ऐकून नामाजी स्वतःची समजूत घालत होता, आणि पिल्लू त्याच्या कानाशी कळा सोसत होतं.

“मंग वरडत काहून न्हाई?”

“हे वरडत न्हाई. खायाचं सोडलं की आपुनच समजायचं.” शिवप्रसादनं दोन थेंब औषध पिल्लाच्या तोंडात सोडलं. “पोट हलक्या हातानं चोळा. तेल-बिल पाजू नका. सांजच्याला लेंडी टाकली तर जगलं म्हणा.”

नामाजी बाहेर लिंबाखाली बसला. टोपली मांडीवर, दोन बोटं पिल्लाच्या पोटावर. आणि नको ते आठवायला लागलं.

पंचफुला, दिपालीची आजी. पावसाळाभर तिच्या ताटात अर्धी भाकर उरायची. “भूक न्हाई,” म्हणायची आणि भुऱ्याला टाकायची. दिवाळीपर्यंत कुत्रं असं माजलं की नामाजी थट्टा करायचा, “मला उपाशी ठिवून याला खाऊ घालतीस व्हय?” ती हसायची. मग नांदेडच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवली आणि विचारलं, “इतके महिने यांना दुखत होतं, घरात कुणाला कळलं नाही?” ती ओरडली नव्हती ना कधी.

“तू तरी जाऊ नको रे,” तो टोपलीत वाकून म्हणाला. त्याला रडू फुटलं. रस्त्यानं माणसं जात होती, जाईनात का.

घरी आल्यावरही बोटं थांबली नाहीत. चार वाजले. पिल्लाचे कान गार लागत होते. पोरीला काय तोंड दाखवायचं? ती रागावली तर बरंच होतं. पण आजी गेल्यावर बसली तशी गप्प बसली, तर?

बसचा भोंगा वाजला तेव्हा हातावर काहीतरी बारीक, कोमट पडलं. त्यानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. लेंडी. मग आणखी एक. आयुष्यभर लेंड्या तुडवत हिंडलेला तो म्हातारा ओंजळ सांभाळत दारात जाऊन उभा राहिला.

दिपाली आली. त्यानं दूध, घास, दवाखाना, सगळं कबूल केलं. “माझ्या हातानं मरत व्हतं, पोरी.”

तिनं पिल्लू छातीशी धरलं. मूठभर गवत त्याच्या तोंडाशी धरून बसली. पिल्लानं काडीभर वाळलं गवत ओढून घेतलं, तेव्हा म्हणाली, “आता माझं ऐकत जावा, आबा.”

“ऐकतो, बाई.”

रात्री दिपाली जेवायला बसली. अर्धी भाकर खाल्ली आणि ताट सरकवलं.

“काहून गं? कुठं दुखतंय का?”

“न्हाई आबा. स्टँडवर वडापाव खाल्ला.”

“खरं सांग.”

“खरंच.”

“माझी आण?”

“तुमची आण! आसं काहून करून राहिले आबा?”

“मला भ्या वाटतं,” नामाजी म्हणाला.

ती सरकून त्याच्याजवळ बसली. उरलेली भाकर पाहून भुऱ्या उंबऱ्यातून उठला आणि चुलीपाशी, पंचफुला बसायची तिथं, जाऊन उभा राहिला. नामाजीनं त्याच्याकडं पाहिलं. कुत्र्याच्या बरगड्या वर आल्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्यानं ती अर्धी भाकर उचलली आणि चुलीपाशी त्याच्यापुढं ठेवली.