वालाच्या मुळांवरच्या गाठी

रचनाने फ्रीजचं दार उघडलं आणि ती समजायचं ते समजली. आतून आंबूस वास आला. सुट्ट्यांत ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या छोट्या प्रयोगशाळेचा फ्यूज उडाला होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सगळ्या नळ्यांवर हिरवट बुरशी चढली होती. खडवलीच्या वालातून वेगळा काढलेला तो जिवाणू, ज्याच्यावर तिची पाच वर्षं गेली होती, त्याच नळ्यांत होता. जपून ठेवलेला दुसरा संचही त्याच फ्रीजमध्ये.

"दुसरा एखादा मागवू ना बाहेरून," प्रयोगशाळेचे प्रमुख प्रफुल्लसर फोनवर म्हणाले. "इतकं काय मनाला लावून घेतेस?"

ती रडली नाही. तेवढं त्राणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फावडं, पिशव्या आणि बर्फाचा डबा घेतला आणि खडवली गाठली.

तो जिवाणू जिथल्या वालातून मिळाला होता, त्या सरस्वतीमावशींच्या शेतावर ती स्टेशनपासून रिक्षाने पोचली आणि बांधावरच थबकली. भात कापल्यावर त्याच ओलीवर मावशी दरवर्षी वाल पेरायच्या. आज सगळा वाल उपटून उन्हात टाकलेला होता.

"आलीस काय गं बाय?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "दिराने जमीन विकली. उद्या मशीन येतंय, सपाट करायला. म्हटलं, शेंगा तरी काढून घ्याव्या."

"तुमची सही?"

"केली. किती भांडू?"

रचना खाली बसली. उपटलेल्या रोपांची मुळं वाळून तारेसारखी झाली होती आणि त्यांच्यावर गाठी जवळजवळ नव्हत्याच. ओढताना त्या तुटून मातीत राहिल्या होत्या. उरलेल्या दोन-चार तिने नखाने फोडल्या. आतून मातकट, मेलेल्या.

"काय शोधतेस तू नेहमी या गाठींत?"

"यांच्यात जिवाणू राहतात, मावशी. रोप त्यांना साखर देतं आणि ते हवेतला नत्र रोपाला देतात. कामावर असतील तर गाठ आतून गुलाबी दिसते. माझे होते ते मेले."

मावशींनी ओठ आवळले. मग शेताच्या कडेकडे बोट दाखवलं. आंब्याच्या सावलीत पाच-सहा रोपं अजून उभी होती, उशिरा पेरलेली, हिरवीगार. मावशी तिकडे गेल्या आणि एका रोपाला हात घातला.

"ओढू नका!" रचना ओरडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सॉरी. भोवतालची माती खणून काढू या."

दोघी ऊन डोक्यावर येईपर्यंत खणत होत्या. रचनाची पाठ भरून आली, मावशींना दम लागला. अखेर मुळासकट एक ढेकूळ निघालं. तिने पाण्याने अलगद माती सोडवली. हरभऱ्याएवढ्या गाठी. एक चिरली. आत फिकट गुलाबी.

"ही जिवंत?" मावशींनी विचारलं.

"हो."

"चल, एवढं तरी वाचलं." मावशींनी पदराने डोळे पुसले आणि लगेच शेंगा गोळा करायला वळल्या.

प्रयोगशाळेत तिने गाठी धुतल्या, बाहेरून निर्जंतुक करून चिरडल्या आणि त्यांचा रस जिवाणू वाढवायच्या लालसर थाळ्यांवर पसरवला. आठवडाभर काहीच दिसलं नाही. हे जिवाणू सावकाशच वाढतात हे माहीत असूनही ती रोज खचत गेली. मग एका सकाळी एका थाळीवर बारीक, पांढरट, ओलसर ठिपके दिसले. हेच ते, हे खात्रीने सांगायला रोपांवर चाचण्या कराव्या लागणार होत्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं.

प्रफुल्लसर आले, थाळीकडे वाकून बघत म्हणाले, "वा! मिळाले की."

"सर, या वेळी एक संच कल्याणच्या कॉलेजात ठेवणार आहे. आणि फ्रीजला अलार्म हवा. नाहीतर मी नाही करणार."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. रचना स्टुलावर बसली, नव्या नळ्यांवर तारीख लिहू लागली. हात जड झाला होता, पण अक्षर नीट येत होतं.