एका वेळी आठ

ताईंना खुर्चीवरून उठवायचं ठरलं, तेव्हा त्या सगळ्यांना चहा ओतून देत होत्या. ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. आमच्या घरच्या फिल्म स्टुडिओत एडिटिंग त्याच करतात. सासरे म्हणाले, "सोमवारपासून नवीन माणूस येतोय. तू आता रिसेप्शन बघ."

"हात जड झालाय हिचा," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, ताईंचा सख्खा नवरा! धूर, आग, पूर असली दृश्यं ते कॉम्प्युटरवर बनवतात, आणि स्टुडिओ आपल्याच जिवावर चालतो अशा थाटात वावरतात. ताई कप उचलून गेल्या. तिडीक गेली ती माझ्या डोक्यात.

कारण जड झाला होता तो हात नव्हे, सर्व्हर. सगळ्यांच्या फायली त्या एकाच सर्व्हरवर असतात, आणि त्याचा प्रोग्राम मी सांभाळते. ताईंनी साधा तुकडा उघडला तरी स्क्रीनवरचं चक्र गरगर फिरत बसायचं. म्हटलं, बघू तरी कोण काय मागतंय ते. जोडणी होतानाच सर्व्हर प्रत्येक मशीनला सांगतो: एका मागणीत आठच कामं द्यायची. मशीन हो म्हणतं. पण पुढे मोजतंय कोण? माझ्या आधीच्या माणसाने अट सांगायची सोय केली होती, ती पाळून घ्यायची नाही. भाऊजींनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम हो म्हणून एकाच मागणीत शेकडो कामं ढकलत होता. ताईंची एवढीशी मागणी त्याच्यामागे ताटकळत होती.

मी आधी भाऊजींना नीट सांगून पाहिलं.

"माझं काम मोठं असतं," ते म्हणाले. "तिचं काय, नुसती कापाकापी."

झालं! शुक्रवारी सकाळी मी सर्व्हरच्या कोडमध्ये तपासणी घातली. मागणी आली की आधी कामं मोजायची. आठाच्या वर गेली, तर एकही न करता अख्खी मागणी परत. मशीन कुणाचं, हे विचारायचंच नाही. रिकाम्या मशीनवर तपासून पाहिलं आणि चालू केलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

दुपारी भाऊजी तरातरा आले, मागोमाग सासरे.

"सर्व्हर बिघडवून ठेवलास!"

"सुधारलाय. मागणी मर्यादेबाहेर आहे, असं तुमच्या स्क्रीनवर स्वच्छ लिहून येतंय."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "त्याच्या मशीनपुरती अट काढून टाक. विषय संपला."

"नाही काढणार, बाबा."

'नाही' ऐकायची त्यांच्या कानांना सवय नाही. "मालक कोण आहे इथे?"

"तुम्ही. तुमच्या मशीनलाही आठच."

"घरातली आहेस म्हणून ऐकून घेतोय हं!" भाऊजी कडाडले.

"नका घेऊ. मला काढायचं तर काढा. पण अट काढायला जो येईल, त्याला ती का घातली हे मी सगळ्या स्टुडिओसमोर सांगणार." माझे कान तापले होते, पण आवाज पडला नाही.

तेवढ्यात ताई दारात आल्या. "बाबा, जरा येता?"

आठवडाभर रखडलेला माहितीपट त्यांनी दुपारपर्यंत जोडून पुरा केला होता. सासऱ्यांनी तो आधी उभ्याने पाहिला, मग खुर्ची ओढून बसले. एका जागी चक्क हसले. संपल्यावर मात्र मान खाली घालून चष्मा पुसत राहिले.

"ते ठीक आहे," भाऊजी मागून म्हणाले, "पण माझं काय? माझं काम अडलंय त्याचं काय?"

"आठ-आठ करून मागा," ताई म्हणाल्या. "आम्ही सगळे तसंच मागतो."

"अगं, पण त्याला वेळ लागेल!"

"लागू दे."

भाऊजींनी वडिलांकडे पाहिलं. वडील अजून चष्माच पुसत होते. ताईंनी टेबलावरचा सासऱ्यांचा फोन उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, त्या नवीन माणसाला येऊ नको म्हणून तुम्ही सांगता, की मी सांगू?"