वाटणीची पट्टी आणि पाचवं अंडं

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. माझा मूळ रंग पांढरा, पण आता तसं कोणी म्हणत नाही. चालू होताना मी सगळ्या अंगाने थरथरतो, आणि माझ्या डोक्यावरची बरणी माझ्याबरोबर नाचते.

मी दुकानात उभा होतो तेव्हा लोक दार उघडायचे, आत डोकावायचे आणि पुढे जायचे. एके दिवशी दोन बहिणी आल्या. धाकटीने दार उघडलं, गार हवा तोंडावर घेतली आणि म्हणाली, "ताई, हाच! याच्यासारखा जगात दुसरा नाही."

माझ्या शेजारी हुबेहूब माझ्यासारखे अकरा उभे होते. पण मी गप्प राहिलो. कौतुक कोणाला कडू लागतं?

महिन्याभरात माझ्यात एक टोमॅटो गोठला. तीच धाकटी म्हणाली, "मेला दळभद्री डबा! याच्याइतकं कोणी मला फसवलं नाही." तेव्हा कळलं, या घरात आपण एक तर देव, नाहीतर दगड. मधली जागा नाही.

थोरली चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. धाकटी घरीच कपडे शिवायची. हात असा सफाईदार की उसवलेलं कुठे होतं ते सापडू नये. पण तिच्या मनाला कातडीच नव्हती म्हणा ना. साधा वारा लागला तरी झोंबायचा. थोरलीला यायला अर्धा तास उशीर झाला की हिचा जीव टांगणीला.

"तू मला सोडून जाणार. मला माहीत आहे."

"अगं, बस चुकली!"

"बस चुकली की मी चुकले?"

मग भांडण. भांडण झालं की धाकटी चिकटपट्टी काढायची आणि माझ्या आत वरपासून खालपर्यंत, प्रत्येक कप्प्यावर मधोमध चिकटवायची. डावीकडचं तिचं, उजवीकडचं ताईचं. दूध डावीकडे, साय उजवीकडे! एकदा पाच अंड्यांची वाटणी अडली. दोन तुझी, दोन माझी, आणि पाचवं? दोघींनी हट्टाने ते पट्टीवरच ठेवलं. त्याला महिनाभर कोणी हात लावला नाही. शेवटी त्याचा वास मात्र दोघींना समसमान वाटून घ्यावा लागला.

एरवी मात्र दुसऱ्याच दिवशी पट्टी निघायची. धाकटी रडून सुजलेल्या डोळ्यांनी ताईसाठी केक करायची, सूप करायची, आणखी एक केक करायची. माझ्यात मुंगीला पाय ठेवायला जागा उरायची नाही.

हसताय ना? हसा. पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. कधीकधी आतली कळ सहन झाली नाही की धाकटी स्वतःलाच दुखवून घ्यायची, आणि मग उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालून मशीनवर बसायची. माझ्या आत दिवा आहे, मित्रांनो, पण तो दार उघडल्यावरच लागतो. तिचं दार उघडायचं कसं, हे थोरलीला ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "एवढं काय त्यात?" आणि वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "नाटकं आहेत सगळी."

काकूंचं माझ्याबद्दलही हेच मत होतं. कारण त्याच सुमारास मी आजारी पडलो. सकाळी दूध दगड, संध्याकाळी लोणी पाणी. काकू आल्या की माझ्या बरगडीत दणका द्यायच्या. "दोन ठेवून दिल्या की सरळ येतो!"

एक दिवस दुरुस्तीवाला आला. मला भिंतीपासून ओढलं, मागे टॉर्च मारली आणि काकूंकडे वळला. "मावशी, हा नाटकं करत नाही. थर्मोस्टॅट जास्तच संवेदनशील झालाय. जरा ऊब लागली की याला आग लागल्यासारखं वाटतं. दणके देऊन तो सुधारत नाही, उलट पाठ चेपते." खरंच चेपली होती.

थोरली हातात चहाचा कप धरून ऐकत होती. कप तसाच राहिला. पुढच्याच आठवड्यात ती धाकटीला घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेली.

परत आल्यावर माझ्या दारावर एक कागद लागला. मला अक्षरं तिथेच यायला लागली, दारावरच्या कागदांवरून. त्यामुळे 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' वाचायला मला चार दिवस लागले. भावना क्षणात टोकाला नेणाऱ्या या आजाराचं नाव माझ्या दारापेक्षा लांब! पण धाकटी ते वाचून रडली नाही. म्हणाली, "ताई, म्हणजे मी वाईट नाही. याला नाव आहे."

"आणि उपायही आहे," थोरली म्हणाली.

उपाय म्हणजे जादूची गोळी नव्हती. दर आठवड्याला समुपदेशक मॅडमशी बोलणं, आणि बुधवारी वर्ग. भावनेचं वादळ आलं तर घर न मोडता कसं थांबायचं, हे तिथे शिकवायचे. थोरलीलाही बोलावलं. तिला गृहपाठ मिळाला: 'एवढं काय त्यात' हे तीन शब्द महिनाभर बंद. थोरलीचे ओठ पहिल्या आठवड्यात सारखे थरथरायचे, माझ्यासारखे.

दारावर तक्ता लागला. रोज भावनेला शून्य ते पाच गुण द्यायचे. काकूंना तो फार आवडला. एका सकाळी पाहतो तर खाली लिहिलेलं, 'सून – पाच'.

आणि माझाही मान वाढला! मॅडमनी सांगितलं होतं, वादळ फारच चढलं तर बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ तोंड बुडव, शरीर शांत होतं. काकूंनाही बुडवायचं होतं. पण हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, असंही मॅडमनी सांगितलेलं. त्यामुळे काकूंना ओल्या रुमालावर भागवावं लागलं.

वर्ष होत आलं. थोरलीला डोळे तपासायच्या नव्या मशीनच्या शिक्षणासाठी तीन दिवस परगावी जायचं होतं. आधी दोनदा धाकटीसाठी तिने नकार दिला होता. या वेळी गेली नाही, तर मशीन दुसरीच्या हाती जाणार होतं. धाकटी म्हणाली, "जा." चेहरा मात्र म्हणत होता, नको. ठरलं की थोरली रोज सहाला फोन करेल.

पहिल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी सहा वाजले. सव्वासहा. साडेसहा.

धाकटीने तक्त्यावर पाच लिहिले, पेन मोडलं आणि चिकटपट्टी काढली. माझं दार उघडलं. कर्रर्र! पहिला कप्पा झाला. दुसऱ्यावर पट्टी अर्धी गेली आणि समोर अंडी आली. मोजून पाच.

तिने नकळत नाक मुरडलं. हात थांबला.

मग तिने बर्फाचा ट्रे ओढला, तो घमेल्यात उलटा केला आणि तोंड बुडवलं. बाहेर आली ती धापा टाकत, नाकाला बर्फाचा तुकडा चिकटलेला. ओल्या हाताने शिवणाचा खडू घेऊन तिने माझ्या दारावरच लिहिलं: 'मला वाटतं: ताई मला कंटाळली. मला माहीत आहे: फोन आला नाही. बस, एवढंच.'

सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. "अगं, वर्ग लांबला, फोन बाहेर ठेवायला लावले होते!"

"मी फार घाबरले होते, ताई. आणि रागावलेय."

मला वाटलं, आले आता ते तीन शब्द!

"घाबरणारच ना गं," ती म्हणाली. "सहाचा शब्द मी दिला होता. तू एकटीने कसं काढलंस?"

"तोंड बुडवून. आता ठेव, कानात पाणी गेलंय. उद्या तुझं शिक्षण पुरं करूनच ये."

तिसऱ्या दिवशी थोरली आली, पाणी घ्यायला माझं दार उघडलं आणि बघतच राहिली. "ही पट्टी अर्धीच का?"

"पुढे अंडी होती," धाकटी म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की काकू जिना उतरून आल्या.

मित्रांनो, धाकटीची वादळं संपली असं मी म्हणणार नाही. चिकटपट्टी अजूनही वर्षातून एखाददा तिच्या हातात येते. पण पूर्ण लागत नाही. माझी पाठही चेपलेलीच आहे, तरी दूध नासत नाही. म्हणून या म्हाताऱ्याचं ऐका. कोणी क्षणात तापत, क्षणात गोठत असेल, तर दणका देऊ नका. 'नाटकं' म्हणू नका. ज्याला आतलं कळतं, अशा जाणत्याला बोलवा, आणि तोवर शेजारी उभे राहा.

आणि घरात पाचवं अंडं असेल, तर आजच्या आज दोघांत मिळून खाऊन टाका.