वाचलेल्या पुस्तकांचा कारखाना

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसायलाही नको. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयातली सगळ्यात करडी बाई, जिच्या टेबलाजवळ पाण्याचा पेला न्यायचीसुद्धा कुणाची छाती होत नसे, ती त्या दिवशी सकाळी बाह्या सरसावून एका धडधाकट पुस्तकावर चहा सांडत होती. सांडत होती म्हणजे अगदी नेम धरून. आधी कपाचं बूड पानावर टेकवून गोल उमटवला, मग चमच्यानं बाजूला दोन थेंब, आणि मग ओठांचा चंबू करून त्यावर फुंकर.

"जरा जास्त झालं," शेजारी उभे असलेले बाइंडर म्हणाले. त्यांच्या हातात दुसरं पुस्तक होतं आणि ते त्याच्या पानांचे कोपरे दुमडत होते. "सर पुस्तकं वाचत होते की चहात बुडवून खात होते, असं वाटेल लोकांना."

"काका, तुम्ही कोपऱ्यांकडे बघा. एखाददुसरा पुरे. मघाच्या पुस्तकाला तर तुम्ही एक पान सोडलं नाहीत."

"हाताला सवय नाही हो, बाई. जन्मभर कोपरे सरळ करत आलो."

एरवी ती हसली असती. ती ग्रंथालयाच्या खरेदी विभागाची प्रमुख होती. विकत घेतलेलं असो की भेट आलेलं, विद्यापीठातलं प्रत्येक पुस्तक आधी तिच्या हाताखालून जाई आणि मगच कपाटात बसे. लोक तिला घार म्हणत. ते तिच्या कानावर होतं आणि मनातून तिला आवडतही होतं. तिच्या नजरेबद्दल तर काय काय बोललं जाई. एका विक्रेत्याच्या बंद खोक्याला नुसतं नाक लावून तिनं म्हणे सांगितलं होतं, खालच्या थरात वाळवी आहे आणि ती गणिताच्या पुस्तकात आहे. खोकं फोडलं तर वाळवी निघाली. पुस्तक भूगोलाचं होतं, एवढाच काय तो फरक.

आणि अशा या घारीच्या पंजातून सरांची पुस्तकं सुटली होती.

सर म्हणजे तिचे गुरू. कानावर पेन्सिल आणि काखेत पुस्तक, याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. ते गेल्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, घरातला सगळा संग्रह विद्यापीठाला देऊन टाकला. एकच अट घातली: पुस्तकं एकत्र राहावीत, वेगळ्या कपाटात, वर सरांच्या नावाची पाटी. घारीनं काकूंचे दोन्ही हात हातात घेऊन शब्द दिला होता, "काकू, माझ्या डोळ्यांसारखी जपेन."

खोकी आली त्या दिवशी भेटपुस्तकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आल्या आल्या नियमाप्रमाणे नावं तेवढी उतरवून घेतली, आपल्याकडे कोणतं आधीच आहे ते पाहायला. मग तिनं स्वतः उभं राहून ती खोकी तळघरात ठेवून घेतली, बाद झालेली पुस्तकं जिथे रद्दीच्या गाडीची वाट बघत पडतात त्या कोपऱ्यात. फक्त आजच्यापुरती. एरवी फोन करकरून घसा बसला तरी न येणारी ती गाडी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचं कुलूप निघायच्या आत हजर झाली आणि कोपरा झाडून नेल्यासारखा स्वच्छ करून गेली.

घार मागोमाग कागदगिरणीत पोचली तेव्हा हौदात राखाडी लगदा संथ फिरत होता. तिनं त्यात कोपरापर्यंत हात घातला, असं म्हणतात. हाती काहीच लागलं नाही, असंही म्हणतात. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "हाताला काय लागलंय?" ती म्हणाली, "सर." त्याला वाटलं, बायको थकलीय. त्यानं ताट वाढलं. तिचा घास हातातच वाळला.

रोज सकाळी ती ठरवायची, आज काकूंना सांगून टाकू. रोज फोन उचलायची आणि पलीकडून "बोल गं, कपाट झालं का?" असा आवाज आला की म्हणायची, "होतंय, काकू, पॉलिश वाळतंय." पॉलिश वाळता वाळता इतके दिवस गेले, की तेवढ्यात लाकडाला पालवी फुटली असती. नोकरी जाईल, नाव जाईल, याची भीती होतीच. पण खरी धास्ती वेगळी होती. नवऱ्याच्या हाताची शेवटची खूण या बाईनं विश्वासानं सोपवली आणि आपण तिचा लगदा करून टाकला, हे काकूंच्या तोंडावर कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी जे जन्मभर केलं तेच करायचं तिनं ठरवलं. नावं हाताशी होती. सगळी पुस्तकं नव्यानं मिळवायची. पदरमोड करून, कुणाला पत्ता लागू न देता. विश्वासात घेतलं ते एकट्या बाइंडरकाकांना.

त्या शिकारीच्या गोष्टी खऱ्या मानायच्या की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. एक ग्रंथ एका घरात पलंगाच्या मोडक्या पायाखाली सापडला. पलंगावर आजोबा झोपलेले. तिनं आणि त्यांच्या सुनेनं मिळून आजोबांसकट पलंग उचलला, ग्रंथ काढला, तेवढ्याच उंचीची वीट सरकवली, आणि आजोबा कूस बदलून घोरतच राहिले. दुसरा एका न्हाव्याच्या दुकानात दाराला अडसर म्हणून लावलेला. न्हावी म्हणाला, गिऱ्हाइकाशिवाय मी कुणाला काही देत नाही. दुसऱ्या दिवशी घार कामावर आली ती मानेपर्यंत केस कापून, आणि सगळा विभाग म्हणाला, बाई, शोभतात हो.

एक पुस्तक मात्र मिळेना. लहानसं, पातळ, कथांचं. लेखिकेचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, तिचं दुसरं पुस्तक कुठल्याही ग्रंथालयात नोंदलेलं नव्हतं. घारीनं ओळखीपाळखीच्या सगळ्या विक्रेत्यांना भंडावलं, मग ओळख नसलेल्यांना. अखेर गावाबाहेरच्या एका रद्दीवाल्याकडे ते दिसलं. त्याच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं, म्हणून त्यानं पासंग म्हणून ते सुतळीनं तिथे बांधून टाकलं होतं.

"हे काढलं तर माझा काटा खोटा होईल," रद्दीवाला म्हणाला.

"आणि आत्ता खरा आहे?"

तो हसला आणि त्यानं सुतळी सोडली. "घ्या. कुणाच्या घरून आलं होतं, आठवत नाही आता."

पुस्तक टेबलावर ठेवल्यावर बाइंडरकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. शिवण कधीतरी सुटली होती आणि कुणीतरी घरातल्या साध्या काळ्या दोऱ्यानं, ब्लाउजला हुक लावतात तशा टाक्यांनी, ती पुन्हा घातली होती. समासात तेलकट अंगठ्याचे ठसे होते. पेन्सिलीनं जागोजाग लिहिलं होतं, बारीक अक्षरात: "खरंय." "अगदी." एका ठिकाणी, "हिला जाऊ द्यायला हवं होतं." आणि शेवटच्या पानावर, "परत वाचायचं," आणि त्याखाली पुन्हा, वेगळ्या पेन्सिलीनं, "परत."

"याला आपण काही करायला नको," काका म्हणाले. "हे कुणीतरी जीव जाईस्तोवर वाचलंय. कडा तेवढ्या दातेरी आहेत, सरळ कापून देऊ?"

"राहू दे. पेन्सिल आहे ना? सरांची पण पेन्सिलच असायची." कितीतरी दिवसांनी तिचा श्वास छातीतून पोटापर्यंत पोचला.

आणि नेमका त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"मी येतेय गं, दोन दिवसांनी. मला सगळं नको. एकच पुस्तक बघायचंय."

"कुठलं, काकू?"

"आल्यावर सांगते."

एवढ्यानं घारीच्या तोंडचं पाणी पळालं. कुठलं म्हणजे कुठलं? म्हणून तर तो चहा, ते कोपरे, त्या पेन्सिलीच्या रेघा. सर प्रत्येक पुस्तक वाचत, म्हणजे प्रत्येक पुस्तक वाचलेलं दिसायला हवं. दोन दिवस भेटपुस्तकांच्या खोलीत दार लावून वाचलेल्या पुस्तकांचा कारखाना चालला.

काकू आल्या तेव्हा शेवटचा चहा नुकताच वाळला होता. लहान चणीची बाई, खांद्यावर झोळीसारखी पिशवी. पाटीवरचं सरांचं नाव त्यांनी ओठ न हलवता वाचलं. मग खुर्चीत बसल्या, पिशवीत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर उलगडलं. चाकू होता. स्वयंपाकघरातला, बारीक पात्याचा.

काका दाराकडे एक पाऊल सरकले.

"काकू... फळं वगैरे आणू का कापायला?" घारीनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"नको गं. असू दे तिथे."

त्या उठून कपाटाशी गेल्या. एक जाडजूड ग्रंथ काढला, उघडला, चहाच्या गोलावर बोट ठेवलं.

"चहा?" त्या म्हणाल्या. "यांना तर डॉक्टरांनी कधीचा बंद केला होता."

काकांनी छताकडे पाहिलं.

"इथे यायचे तेव्हा प्यायचे," घार म्हणाली. "चोरून. मला शपथ घातली होती, काकूंना सांगायचं नाही."

काकू तिच्याकडे पाहत राहिल्या आणि मग एकदम हसल्या. "लबाड! म्हणून इकडून आले की वेलची चघळायचे."

थाप खपली होती. पहिली खपली की दुसरी आपण होऊन जिभेवर येऊन बसते. तेवढ्यात काकूंचा हात कपाटावरून फिरत फिरत खालच्या खणात गेला आणि त्यांनी ते पातळ पुस्तक बाहेर काढलं.

त्यांनी ते लगेच उघडलं नाही. दोन्ही तळहातांत धरून उभ्या राहिल्या. मग दातेरी कडांवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा. पुस्तक उघडलं. पान उलटलं, दुसरं उलटलं.

खोलीत फक्त पानांचा आवाज होता आणि तो घारीला सोसवेना.

"विश्वास बसणार नाही तुमचा, काकू," ती म्हणाली, "पण सरांचं सगळ्यात लाडकं पुस्तक हेच. इथे यायचे तेव्हा याच खुर्चीत बसून वाचायचे. मला म्हणायचे, ऐक, आणि मोठ्यांदा वाचून दाखवायचे. त्या पेन्सिलीच्या खुणा बघा ना, सगळ्या त्यांच्या. एकदा वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं होतं. विचारा काकांना."

"हो," काका दाराशी बोलल्यासारखे पुटपुटले.

काकू समासातली अक्षरं ओळीनं वाचत होत्या, पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन. घारीचं बोलणं आता उतारावरच्या गाडीसारखं सुटलं होतं.

"आणि वाचून वाचून शिवण सुटली ना, तर मी म्हटलं, सर, द्या, काकांकडून नीट करून देते. तर नाही म्हणाले. याला दुसऱ्याचा हात नको. घरून सुई-दोरा घेऊन आले आणि इथे, या खिडकीत बसून, स्वतःच्या हातानं..."

"थांब."

ती थांबली.

"खोटं बोलतेयस तू," काकू म्हणाल्या. रागानं नाही, पीठ संपलंय असं सांगावं तशा.

घारीनं टेबलाची कड धरली. काकूंनी पुस्तक मिटलं, पण त्यात एक बोट तसंच ठेवलं.

"हे पुस्तक माझं आहे. माहेरच्या नावानं छापलेलं. छापखान्यानं कडा कापून दिल्याच नाहीत, पानं एकमेकांना जोडलेलीच राहिली. वाचणाऱ्यानं चाकूनं सोडवून वाचायची. पहिली प्रत मी यांना दिली. यांनी जगातलं सगळं वाचलं गं. औषधाच्या बाटलीवरचं वाचलं. हे मात्र कपाटात जसं ठेवलं तसंच राहिलं. पुसायचे ना मी रोज. एक पान सुटलेलं नव्हतं." त्यांनी टेबलावरच्या चाकूकडे पाहिलं. "तुमच्याकडे दिलं तेही रागानंच दिलं. मग वाटलं, त्यांनी नाही तर नाही. आपणच जाऊन कापावीत."

घारीनं तोंड उघडलं. इतके दिवस रोज सकाळी ठरवलेलं वाक्य घशापर्यंत आलं. पण काकू तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी खुर्ची उजेडाकडे ओढली, बसल्या, पुस्तक मांडीवर उघडलं. तेलाच्या त्या जुन्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला. तो बरोबर बसला. मग काळ्या दोऱ्याच्या टाक्यांवरून बोट नेत, फार हळू, शिवणीच्या टोकापर्यंत गेल्या.

"मला वाटायचं, कुणीच वाचलं नाही," त्या म्हणाल्या.

मग मान वर केली.

"यांनी वाचलं हे खोटं. सांग ना मग, हे वाचलं कुणी?"