शुक्रवारच्या डिस्कला गुरुवारचं नाव

टण्ण! पातेल्यावरचं झाकण पडलं आणि दुकानातली शांतता मोडली. मागच्या चुलीवर मक्याची लापशी उतू जात होती, पण सेरवाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि माझ्या तोंडून एकच वाक्य निघत होतं : ‘नमुना सापडत नाही.’

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे, भरतकामाचा. पडद्यावर चित्र काढलं की मी यंत्राच्या सुईला सांगतो, इथे टोच, आता वळ, आता दोरा बदल. कुमासी शहरातल्या या दुकानात मला सेरवाच्या आईने आणलं. तिला माउस धरता येत नव्हता. आमटी ढवळावी तसा ती तो फिरवायची! तरी तिने माझ्याकडून एक चित्र काढून घेतलं : कोंबडी, आणि तिच्या पायांत घुटमळणारी सात पिल्लं. घरात मूल जन्मलं की आठव्या दिवशी पहाटे त्याला पहिल्यांदा अंगणात आणून नाव देतात. त्या वेळच्या पांढऱ्या कापडावर हीच कोंबडी. अकरा मुलं त्या कापडात बाहेर आली! लोक टाक्यांवरून बोट फिरवून वाहवा करायचे. माझं नाव कुणी घेत नसे, पण मी आतल्या आत फुलून जायचो.

पुढे आई गेली. चित्र राहिलं, आणि ते वाचता येणारा मी एकटा.

आमच्या संगणकाची डिस्कही थकली होती. कण्हत कण्हत फिरायची. मी जागा होईपर्यंत सेरवाची लापशी निवायची. म्हणून त्या शुक्रवारी सकाळी शेजारच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या बोआतेंगने जुनीतलं सगळं उतरवून नवी डिस्क बसवली. काय तिचा वेग! पापणी लवते न लवते तोच मी जागा! पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं मला. उत्साहाने नमुन्यांना हाक मारली, तर कुणी ओ देईना.

आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सेरवाच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं.

“सेरवाताई, काढून टाक हा म्हातारा,” बोआतेंग म्हणाला. “नवा देतो, चकचकीत.”

“आणि तो माझ्या आईची कोंबडी उघडेल?”

बोआतेंगने डोकं खाजवलं. “कोंबडी... नाही उघडणार.”

“मग गप बस आणि नीट बघ. कोऱ्या कापडात बारसं झालं तर वहिनी मला जन्मभर ऐकवेल.”

माझा जीव टांगणीला लागला. नमुना कुठे शोधतोय तेही मी केव्हाचा सांगत होतो, पण पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत. शेवटी बोआतेंग वाकला आणि वाचू लागला, “याआ... त्यात नमुने... त्यात कोंबडी. ही याआ कोण?”

“जुनी डिस्क! गुरुवारी आली म्हणून आईने ठेवलेलं नाव.” सेरवा थबकली. “तू नवीचं काय ठेवलंस?”

“आफिया. शुक्रवारी आली ना! दुसरं काय ठेवणार?”

इथे माणसांना जन्मवाराचं नाव मिळतं, आणि या दुकानात वस्तूंनाही. पण मला कुणी कळवलंच नव्हतं, मित्रांनो! पंधरा वर्षं ज्या नावाने दार उघडलं, त्याच नावाने मी हाका मारत बसलो होतो. कोंबडी आत सुखरूप होती!

“हात्तिच्या!” सेरवा म्हणाली. “मग हिलाच याआ म्हण.”

“शुक्रवारच्या पोरीला गुरुवारचं नाव? लोक हसतील मला.”

“माझी मावसबहीण सोमवारची. आजीचं नाव मिळालं म्हणून अख्खी गल्ली तिला याआच म्हणते. हिलाही आजीचं नाव दिलं समज. लिही लवकर!”

बोआतेंगने लिहिलं. मी हाक मारली, ‘याआ!’

आणि ओ आली! पडद्यावर कोंबडी, तिच्यामागे पिल्लं, एक, दोन... सातही! सुई धावत सुटली. सेरवाने बोआतेंगला धरून गरगर फिरवलं. लापशी पार करपली, कुणाला पर्वा!

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरात नवं जरूर आणा. फक्त जुन्याला एकदा विचारा, बाबा, तू रोज कुणाला हाक मारतोस?

सुई शेवटच्या पिल्लाच्या चोचीपाशी आली, तेव्हा सेरवाची सहा वर्षांची मुलगी दुफिए जुनी डिस्क ओंजळीत घेऊन आली. तिने ती कानाला लावली.

“आई, ही झोपली का?”

“दमली गं ती. आता आराम करेल.”

“पण हिचं नाव तर त्या नवीला दिलं. मग हिला उठवायचं झालं, तर काय म्हणून हाक मारायची?”