चौघांचा विनोद आणि माझा डावा पाय

मी सोफा बोलतोय. जपानात, फुनाबोरीतल्या शशांकच्या घरातला, दोन माणसांसाठी बनवलेला. बसायला मात्र कायम चार! आधी कुणी सांगितलं असतं तर मी दुकानातून हललोच नसतो.

शशांक, नेत्रा, उल्का आणि देवदत्त. चौघं तोयोसुला एकाच ऑफिसात कॉम्प्युटर बडवतात आणि दर रविवारी माझ्यावर पोहे सांडतात. इथल्या एका छोट्या केबल वाहिनीने त्यांच्याकडे मराठी विनोदी मालिकेचा एक भाग मागितला. चार दोस्त आणि एक सोफा, बस्स. आवडला तर पुढचे बारा भाग. शशांक तीन वर्षं विनोद लिहीत होता. त्याचा सगळा जीव त्यात अडकलेला.

पण ऑफिस माणसाच्या मागोमाग घरी येतं हो! जपानी कंपनीत सगळ्यांच्या संमतीशिवाय पानही हलत नाही. देवदत्तने लगेच विनोदांची एक्सेल शीट केली. चौघांनी होकार दिला तरच विनोद पास.

"सासूचा विनोद काढ. माझ्या सासूबाई बघणार आहेत," नेत्रा म्हणाली.

"बॉसचाही नको. यामादा-साननी कुणाकडून भाषांतर करून घेतलं तर?" उल्का घाबरली.

"सात नंबरमध्ये रिस्क आहे," देवदत्त गंभीरपणे म्हणाला. "लोक हसू शकतात."

शशांक मान खाली घालून खोडत राहिला. पाचव्या मीटिंगनंतर उरलं काय, तर "या, बसा, चहा घेणार?" बिचाऱ्याचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

शूटिंगला चौघं ताठ बसले. चहा घेणार का, असं एकमेकांना अदबीने विचारू लागले. कॅमेरामनने जांभई दिली. म्हटलं, गेलं पोराचं सगळं! मी डावा पाय सोडून दिला.

धाडकन! चहा देवदत्तच्या डोक्यावर, उल्का उताणी आणि नेत्राच्या तोंडून एक ठेवणीतली शिवी. चौघं हसता हसता गडाबडा लोळले. शशांक तर किती दिवसांनी हसला! वाहिनीने बारा भाग मंजूर केले.

आता मी इमारतीखाली टाकून दिलेल्या मोठ्या सामानात उभा आहे, अंगावर कचऱ्याचे पैसे भरल्याचं स्टिकर. कचऱ्याची गाडी आठला येणार, म्हणजे आठलाच येणार. वाईट वाटत नाही, जन्माचं सार्थक झालं.

फक्त वरच्या खिडकीतून मीटिंग ऐकू येतेय. नव्या सोफ्याचा पाय कितव्या मिनिटाला मोडायचा, यावर चौघांचं एकमत होत नाहीये. बाबांनो, एवढी सगळ्यांची संमती घेताय, तर एकदा त्यालाही विचारा. पाय त्याचा आहे.