रविवारचा पास

“बाबा, यावर तळं नाही लिहिलेलं,” भिंगरी म्हणाली. “खाण लिहिलंय.”

रांगेतल्या दोघातिघांनी मान वर करून बसची पाटी पाहिली. मी पाहिली नाही. पाहून उपयोग नव्हता. मला वाचता येत नाही हे तिच्या आईला ठाऊक होतं, भिंगरीला नव्हतं. घरी पेपर आला की मी तो उघडून बसायचो, आणि चित्रांवरून अंदाज बांधून “काय दिवस आलेत” असं म्हणायचो. एवढ्यावर तिचा विश्वास होता.

“ही काणी आहे,” मी म्हणालो. “काणी तळ्यावरच जाते. चढ.”

“पण बाबा, खाण—”

मी तिच्या थोबाडीत मारली. जोरात मारायची नव्हती. बसली मात्र जोरात.

“रोज धुतो मी या गाड्या. दुसरीत गेलीस नाही तोवर मला शिकवायला लागलीस?”

तिची आई मागे डब्याची पिशवी घेऊन उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली, भिंगरीच्या केसांची सैल झालेली रिबन सोडून पुन्हा घट्ट बांधली, पिशवी उचलली आणि म्हणाली, “चला.” आम्ही चढलो.

मी बस डेपोत गाड्या धुवायचो. एकूण चव्वेचाळीस गाड्या. पाटी वाचता येत नसली तरी प्रत्येकीचा पत्रा मला तोंडपाठ होता. एकीच्या डाव्या अंगाला बादली बसेल एवढा पोचा होता, ती बाजारात जायची. एकीच्या पाठीवर वेगळ्या रंगाचं ठिगळ होतं, ती विमानतळाच्या कुंपणापर्यंत. एकीचं दार लाथ घातल्याशिवाय लागायचं नाही, तिला आम्ही हट्टी म्हणायचो. काणीचा एक दिवा पिवळा आणि एक पांढरा. आमच्या डेपोत एक गाडी एकाच रस्त्याला लावायची पद्धत होती, त्यामुळे माझं कधी अडलं नाही. चालकसुद्धा गमतीनं विचारायचे, “दादा, माझी कुठाय?” मी अंधारातही हात फिरवून सांगायचो.

कामगाराला कुटुंबाचा पास असायचा. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, कामगार सोबत असेल तर बायको आणि एक मूल, कुठेही जा. तिची आई धुलाई कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी इस्त्री करायची, तिला रविवार सुटी. शाळेला रविवार सुटी. मलाही रविवारच. तिघांचा एक दिवस जुळला होता, आणि तो आम्ही कधी वाया घालवला नाही.

सकाळी तिची आई बटाटे उकडायची, पाव घ्यायची. थांब्यावर जाऊन मी विचारायचो, “बोल भिंगरे, आज कोणती?” ती म्हणायची, “हट्टी!” किंवा “ठिगळवाली!” बस ओळखायला तीही माझ्याकडूनच शिकली होती. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथं जे असेल ते बघायचं आणि परत यायचं. कुंपणाला नाक लावून आम्ही विमानं मोजली. कालव्यात तिची एक चप्पल वाहून गेली, ती पकडायला मी अर्धा मैल काठानं धावलो. चप्पल काही सापडली नाही, माझी विजार मात्र फाटली. एकदा एका शेळीनं आमचा टॉवेल खाल्ला. तिची आई शेळीच्या तोंडातून टॉवेल ओढत होती आणि हसून हसून तिच्या हातात जोर राहिला नव्हता. “अहो, बघता काय, धरा ना!” म्हणत होती. मी धरला नाही. मला तिचं हसणं बघायचं होतं.

तळ्यावर आम्ही बऱ्याचदा गेलो, पण बोटीत कधी बसलो नाही. पायांनी चालवायच्या बोटी होत्या, पुढे बदकाची मान. रांग मोठी असायची आणि परतीची काणी लवकर निघायची. “पुढच्या खेपेला,” असं मी प्रत्येक खेपेला म्हणालो. मग एक दिवस एका वाहकानं सांगितलं, बोटी सडल्यात, येत्या रविवारनंतर बंद. तो रविवार भिंगरीच्या सातव्या वाढदिवसाचा होता. तिची आई म्हणाली, “मीही बसणार. मी जन्मात पाण्यावर गेलेली नाही.” आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. भिंगरी खाटेवर बसून पाय हलवायची, आई तिच्या मागे बसायची, आणि दोघी भिंतीपर्यंत जाऊन यायच्या.

तर आम्ही चढलो. आणि पहिल्याच वळणावर वाहक जवळ आला. ओळखीचाच होता.

“काय दादा, आज खाणीकडे?”

खरं म्हणजे तिथंच उतरता आलं असतं. पुढचा थांबा शंभर पावलांवर होता. चुकलो, एवढं म्हणायचं आणि उलट्या बाजूच्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं, तासाभरात तळ्यावर पोचलो असतो. पण भिंगरी माझ्याकडे बघत होती. गालावर बोटं उमटलेली. चुकलो म्हणालो असतो तर ती बोटं कशासाठी उमटली, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

“हो,” मी म्हणालो. “पोरीला दगड दाखवायचेत.”

“दगड!” वाहक हसला. “काणीला आजच इकडे घातलीय. खाणीवाली दुरुस्तीला गेली ना.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. “मीच धुतली काल.”

भिंगरीनं मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

खाणीवर बघण्यासारखं काही नव्हतं. पांढरी धूळ, दगडांचे ढीग, रविवार म्हणून बंद पडलेली यंत्रं. सावलीला एक पत्र्याचं छप्पर होतं, तिथं बसून आम्ही बटाटे खाल्ले. दातांत कचकच येत होती. मी उगीच बडबडत होतो. हा दगड कसा फोडतात, तो कुठे जातो. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

“मजा आहे ना इथंही?” मी विचारलं.

“हो बाबा,” भिंगरी म्हणाली.

तिनं तोंड वाकडं केलं असतं, रडली असती, बोटीसाठी हट्ट केला असता, तर मला बरं वाटलं असतं. ती शहाण्यासारखी बसली होती. सात वर्षांची पोर, पाहुणीसारखी.

परतीच्या गाडीत ती आईच्या मांडीवर झोपली. तेव्हा तिची आई हळूच बोलली.

“मारलंत ते मारलंत. चुकली असती आणि मारलं असतंत तर मी बोलले नसते. खरं बोलली म्हणून मारलंत.”

“पुढच्या रविवारी तळ्यावर—” मी सुरुवात केली.

“आता तळ्यावर काय आहे?” ती म्हणाली.

आमचे रविवार त्यानंतरही चालू राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसला नसता. बटाटे, पाव, थांबा. मी विचारायचो, “बोल भिंगरे, कोणती?” ती म्हणायची, “तुम्ही म्हणाल ती.” वाटेत दुकानांच्या पाट्या असायच्या, भिंतींवर जाहिराती असायच्या. आधी ती त्या मोठ्यानं वाचत सुटायची आणि अर्धी बस हसायची. आता नुसते डोळे फिरायचे. वाचायची सगळं, पण तोंडातून एक अक्षर निघायचं नाही. शाळेतले गुरुजी म्हणाले, वाचनात पहिली आहे, पण उभं राहून वाच म्हटलं की गप्प होते, असं का? मी म्हणालो, लाजाळू आहे.

ती दहा वर्षांची असताना एकदा शाळेला सुटी होती म्हणून माझा डबा घेऊन डेपोत आली. मी नळी बंद करून हात पुसतोय तेवढ्यात हजेरी कारकून कागद घेऊन धुलाईच्या कट्ट्यावरच आला. एरवी तो चिखलात बूट घालत नसे.

“सुट्टीचं पत्रक आहे,” तो म्हणाला. “इथं अंगठा कर.”

“सुट्टी कापत तर नाही ना साहेब?”

“छे छे. आठवड्याची एक सुट्टी आहे ती आहेच.”

त्यानं शाईची डबी उघडून धरली. भिंगरी माझ्या कोपराशी उभी होती. तिचे डोळे कागदावर होते. मी अंगठा शाईत बुडवताना तिच्या ओठांची हालचाल मला दिसली, आणि ते मिटलेलेही दिसले. ती माझ्या ओल्या, काळ्या अंगठ्याकडे बघत राहिली. माझं गुपित तिला त्या दिवशी कळलं की आधीच कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी पहाटेच डेपोतून निरोप आला, कामावर का नाही? मी धावत गेलो. कारकुनानं कागद पुढे केला. रविवारची सुट्टी सोडून बुधवार घेतो, राजीखुशीनं, असं त्यावर होतं. त्याच्या मेहुण्याला रविवार हवा होता. बाकीच्या धुणाऱ्यांनी कागद वाचून नाही म्हटलं होतं. मी हुज्जत घातली, तर त्यानं माझ्याच अंगठ्यावर बोट ठेवलं.

“हा कुणाचा? माझा?”

संध्याकाळी घरी आलो तेव्हा भिंगरी धडा लिहीत होती. शेजारी उकडलेले बटाटे तसेच झाकून ठेवलेले.

“तू वाचला होतास कागद?”

“हो.”

“सगळा?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. “तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं.”

यात टोमणा होता की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. माझा हातही उठला नाही. कुठल्या तोंडानं उठणार?

“अहो, जाऊ द्या,” तिची आई चुलीजवळून म्हणाली. “बुधवारी तुम्ही घरी असाल तर पाणी तरी भरून ठेवाल.”

मग मी बुधवारी पाणी भरू लागलो. तिघांचा दिवस पुन्हा जुळला नाही. पास माझ्यासोबतच चालायचा, म्हणून रविवारी त्या दोघी घरातच असायच्या. सुरुवातीला बुधवारी मी एकटाच ठिगळवालीत बसून विमानतळापर्यंत जाऊन आलो. कुंपणापाशी उभा राहिलो. विमानं येत होती, मोजण्यात जीव रमला नाही. मग पुन्हा गेलोच नाही. भिंगरी शिकली, नोकरीला लागली, सासरी गेली. तळं बुजवलं, तिथं गोदामं झाली. तिची आई गेली तेव्हा तिचे पाय सुजून जड झाले होते. शेवटच्या महिन्यात एकदा तिनं झोपेत पाय हलवले, मग थांबली. मी खाटेच्या कडेला बसून होतो.

ती गेल्यावर मी अक्षरं शिकलो. वय बासष्ट. एक निवृत्त नर्सबाई पोस्टाच्या वरच्या खोलीत म्हाताऱ्यांना शिकवायच्या. बाहेर येऊन मी पहिलं पूर्ण वाक्य वाचलं ते ‘येथे थुंकू नये’. मला इतका आनंद झाला की मी ते तीनदा वाचलं. घरी जाऊन सांगायला कुणी नव्हतं. फोनवर भिंगरीला सांगितलं. ती म्हणाली, “अरे वा, बाबा.”

गेल्या रविवारी ती एकटीच भेटायला आली. चहा झाल्यावर मी म्हणालो, “चल, तळ्यावर जाऊन येऊ.”

“तळं कुठे राहिलंय, बाबा?”

“ठाऊक आहे. बसच्या पाटीवर आहे अजून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या.

थांब्यावर गाड्या येत होत्या. आताच्या गाड्या सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या, एकीलाही पोचा नाही. पाटीही रंगवलेली नसते. दिव्यांची अक्षरं असतात आणि ती पळतात. एक बस आली. मी पहिलं अक्षर धरलं, दुसरं जुळवेपर्यंत पहिलं काचेच्या कडेला जाऊन विझलं. पुन्हा सुरुवात केली. दार लागलं, बस गेली.

“हीच होती का गं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही वाचत होतात,” ती म्हणाली.

आम्ही बाकावर बसलो. तिनं पर्स दोघांच्या मध्ये ठेवली. तिथं तिची आई बसायची. मला खूप बोलायचं होतं. खाणीचं, वाहकाचं, शंभर पावलांवरच्या थांब्याचं. चव्वेचाळीस गाड्यांचा पत्रा तोंडपाठ असणाऱ्या माणसाला हे एक वाक्य पाठ करता आलं नव्हतं.

“भिंगरे,” मी म्हणालो, “त्या दिवशी खाणच लिहिलं होतं.”

“हो,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

अर्ध्या तासानं दुसरी बस दिसली. मी मान खाली घातली. “काय लिहिलंय ते तूच वाच. मोठ्यानं वाच.”

ती उठली. मला वाटलं, वाचेल.

“तुम्हाला येतं ना आता,” ती म्हणाली. “तुम्हीच वाचा. मी बस थांबवते.”

ती पुढे झाली. बस थांबली, तिनं एक पाय पायरीवर ठेवला, एक रस्त्यावरच, आणि दाराची दांडी धरली.

“बाई, आत या नाहीतर उतरा,” चालक ओरडला.

“थांबा जरा. वडील वाचतायत.”

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मी बाकाला धरून उभा राहिलो आणि पाटीकडे पाहिलं. अक्षरं एकदा पळून गेली. ती परत येईपर्यंत मी थांबलो. तिनं पायरीवरचा पाय काढला नाही.